नाव नसलेली सहा वर्षे

वाङ्मयेतिहास शिकवणाऱ्यांना एक खोड जडते. कशाचाही इतिहास समोर आला की आम्ही आधी कालखंडाच्या रेषा शोधू लागतो. आरंभ कोठे मानायचा, खंड कोठे पडला, पुनरुज्जीवन कशाला म्हणायचे, हे ठरल्याखेरीज पुढचे सुचतच नाही. एखादे नियतकालिक बंद पडते आणि काही वर्षांनी दुसरेच कोणी ते त्याच नावाने काढू लागते. अशा वेळी मुखपृष्ठावर 'वर्ष पहिले' छापायचे की 'वर्ष तेविसावे', हा प्रश्न वरवर कारकुनी वाटतो. प्रत्यक्षात त्यात फार मोठा प्रश्न दडलेला असतो : एखादी गोष्ट 'तीच' आहे असे आपण म्हणतो तेव्हा नेमके काय म्हणत असतो?

हा प्रश्न मला सर्वांत उघडावाघडा भेटला तो मात्र वाङ्मयाच्या बाहेर. अमेरिकेतील मेरीलँड राज्यातल्या बाल्टिमोर शहराचा 'बाल्टिमोर ब्लास्ट' नावाचा व्यावसायिक इनडोअर सॉकर संघ आहे. माझा भाचा त्याच भागात राहतो. त्याच्या आग्रहाने मी या संघाविषयी वाचू लागले, आणि वाचता वाचता खेळापेक्षा त्या इतिहासाच्या रचनेतच गुंतत गेले.

आधी खेळाविषयी थोडे सांगायला हवे, कारण आपल्याकडे तो फारसा कोणी पाहिलेला नाही. बर्फावरच्या हॉकीसाठी बांधलेले बंदिस्त मैदान घ्यावे. साधारण दोनशे फूट लांब आणि पंचाऐंशी फूट रुंद. त्यावर कृत्रिम हिरवळ अंथरावी, भोवतीच्या लाकडी कठड्यावरची जाड पारदर्शक भिंत मात्र तशीच ठेवावी. गोलरक्षकासह सहा-सहा खेळाडू, पंधरा-पंधरा मिनिटांचे चार डाव. चेंडू कठड्यावर आदळून परत येतो आणि खेळ चालूच राहतो. कॅरममध्ये सोंगटी कडेवर आपटून आणतात, तसा येथे खेळाडू भिंतीलाच आपला सातवा गडी मानून तिच्याकडे चेंडू सोपवतो. खेळ न थांबवता खेळाडू बदलता येतात. गुन्हा केला तर शिक्षा म्हणून दोन मिनिटे एका कोंडाळ्यात बसावे लागते, आणि तेवढा वेळ त्याच्या संघाला एका गड्यावाचून खेळावे लागते. उघड्या मैदानावरच्या फुटबॉलमध्ये नव्वद मिनिटांत एखादाच गोल होतो. येथे दहा-बारा गोल ही नेहमीची गोष्ट. जाणकार फुटबॉलप्रेमी या प्रकाराकडे काहीसे नाक मुरडून पाहतात. संगीत नाटकाकडे शुद्ध शास्त्रीय गायक पाहत असत, तसेच हे आहे.

१९७८ च्या डिसेंबरात 'मेजर इनडोअर सॉकर लीग' ही स्पर्धा सहा संघांनिशी सुरू झाली. त्या सहांत बाल्टिमोर नव्हतेच. टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहराचा 'ह्यूस्टन समिट' नावाचा एक संघ होता. दोन हंगाम तेथे काढून, १९८० साली अंतिम फेरीत न्यूयॉर्क ॲरोजकडून हरल्यावर, तो संघ उचलून बाल्टिमोरला आणला गेला आणि त्याचे नाव 'ब्लास्ट' ठेवले गेले. म्हणजे ज्या संघाचा इतिहास आपण सांगू पाहतो त्याचा आरंभच मुळी स्थलांतराचा आहे. ह्यूस्टनची ती दोन वर्षे बाल्टिमोरच्या लोकांनी कधी आपली मानली नाहीत. इतिहास कोठून मोजायचा याचा पहिला निर्णय त्यांनी असा, न बोलता, घेऊन टाकला.

बाल्टिमोर हे तेव्हा जखमी शहर होते. गोदी आणि पोलाद यांवर उभे राहिलेले, कामगारांचे. तेथील बास्केटबॉल संघ, बुलेट्स, १९७३ मध्ये वॉशिंग्टनच्या बाजूला निघून गेला होता. तो ज्या 'सिव्हिक सेंटर' नावाच्या सभागृहात खेळत असे, तेथेच आता ब्लास्टने मुक्काम टाकला. १९६२ मध्ये उघडलेल्या याच सभागृहात १९६४ साली बीटल्स गाऊन गेले होते. धुराचे लोट, दिव्यांचे झोत, कानठळ्या बसवणारे संगीत आणि त्यातून एकेक करून धावत येणारे खेळाडू, असा या खेळाचा थाट असे. पाहता पाहता सभागृह भरू लागले. प्रशिक्षक होता केनी कूपर, मूळचा इंग्लंडचा गोलरक्षक. खेळाडूंत इंग्रज होते, युगोस्लाव होते आणि बाल्टिमोरच्याच मातीतला टिम विटमनही होता.

१९८३ मध्ये या संघात स्टॅन स्टॅमेन्कोविच आला. बेलग्रेडच्या रेड स्टारमध्ये खेळलेला हा माणूस व्यायामाचा कंटाळा आणि खाण्याची आवड यांसाठी जितका प्रसिद्ध होता, तितकाच पायांतल्या जादूसाठी. धावण्याचे श्रम वाचवून विचाराने खेळणाऱ्यांपैकी तो होता. सहकारी कोठे असेल हे न पाहताच तो चेंडू तेथे पोचवीत असे. १९८३-८४ च्या हंगामातील सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला.

आता १९८४ हे साल नीट पाहावे. २८ मार्चच्या रात्री बाल्टिमोर कोल्ट्स या अमेरिकन फुटबॉल संघाचे सामान एका वाहतूक कंपनीच्या ट्रकांत भरले गेले आणि पहाटेपर्यंत संघ इंडियानापोलिसच्या वाटेला लागला. तीस वर्षे ज्यांच्यावर जीव लावला ते रात्रीतून गेले. मालकाच्या दृष्टीने तो करारमदाराचा मामला होता. शहराच्या दृष्टीने घरातल्या माणसाने न सांगता निघून जाणे होते. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, जूनमध्ये, सेंट लुई स्टीमर्सला हरवून ब्लास्टने अजिंक्यपद मिळवले. एरवी ज्या खेळाकडे मोठ्या वृत्तपत्रांनी कडेकडेने पाहिले असते, त्याने त्या उन्हाळ्यात एका शहराची मान वर केली.

याच कोल्ट्सच्या वाद्यवृंदाची हकीकत मला फार लक्षणीय वाटते. संघ गेला, पण त्याचा बँड शहरातच राहिला. त्यांचे गणवेश तेव्हा धुलाईला गेलेले होते, म्हणून ते ट्रकांच्या तावडीतून सुटले. पुढची बारा वर्षे हा बँड संघावाचून वाजत राहिला. १९९६ मध्ये क्लीव्हलँडचा संघ बाल्टिमोरला आला तेव्हा क्लीव्हलँडने मात्र एक शहाणपण दाखवले : संघ न्या, पण नाव, रंग आणि सारे जुने विक्रम आमच्याकडेच राहतील, असा समझोता करून घेतला. त्यामुळे बाल्टिमोरला आलेला संघ 'रेव्हन्स' या नव्या नावाने, कोऱ्या पाटीवर सुरू झाला. कोल्ट्सचा इतिहास आज कायद्याने इंडियानापोलिसचा आहे. बाल्टिमोरकडे उरला तो बँड. बॅरी लेव्हिन्सनने त्यावर २००९ मध्ये माहितीपट केला. खेळाडू, नाव आणि विक्रम, तिन्ही गेल्यावरही 'काहीतरी' मागे राहू शकते, हे या बँडने सिद्ध केले असे मला वाटते.

ब्लास्टकडे वळू. १९८४ नंतरचा त्यांचा इतिहास बराचसा पराभवांचा आहे, तोही एकाच प्रतिस्पर्ध्याकडून. सॅन डिएगो सॉकर्सने त्यांना अंतिम फेरीत १९८३ मध्ये हरवले होतेच. पुढे १९८५, १९८९ आणि १९९० मध्येही हरवले. १९८९ ची मालिका तर सातव्या सामन्यापर्यंत गेली. दरम्यान स्पर्धेचाच पाया खचत होता. एके काळी चौदा संघ होते, त्यांचे सात उरले. खेळाडूंचे पगार आणि मिळकत यांचा मेळ बसेना. १९९० मध्ये स्पर्धेने नावातला 'इनडोअर' हा शब्द गाळून पाहिला. नाव बदलून दैव बदलत नाही. १९९२ च्या जुलैमध्ये स्पर्धा बंद पडली आणि तिच्याबरोबर बाल्टिमोर ब्लास्टही संपला.

ग्रंथालयातल्या नोंदीप्रमाणे हा इतिहास येथेच पूर्ण होतो : १९८० ते १९९२, एक अजिंक्यपद.

पण त्याच वर्षी बाल्टिमोरला दुसरा संघ उभा राहिला. त्याचे नाव 'बाल्टिमोर स्पिरिट'. मालक नवे होते, संगणकीय खेळ तयार करणाऱ्या मायक्रोप्रोज कंपनीचे एक संस्थापक बिल स्टीली. स्पर्धाही नवी होती, 'नॅशनल प्रोफेशनल सॉकर लीग'. दर्जाने आणि पैशाने दुय्यम. तिच्यात गोल मोजण्याची रीतच निराळी. कोठून आणि कोणत्या परिस्थितीत मारला यावर एका गोलाचे एक, दोन किंवा तीन गुण. म्हणजे सामन्याचे आकडेही जुन्या आकड्यांशी ताडून पाहता येत नव्हते. सारखे होते ते एवढेच : तेच सभागृह, तोच कठडा, बाकावर काही काळ तोच केनी कूपर, आणि प्रेक्षकांतले काही तेच चेहरे. १९८४ च्या गर्दीपैकी किती आले असतील कोण जाणे. पण जे आले ते आले. सहा हंगाम हा संघ खेळला आणि एकदाही अजिंक्य झाला नाही.

याच काळात, १९९६ च्या जानेवारीत, स्टॅमेन्कोविच मायदेशी घसरून पडला, डोक्याला मार लागला आणि तो गेला. चाळिशीही त्याने पाहिली नाही. ज्या संघासाठी तो खेळला त्या नावाचा संघ त्या दिवशी जगात कोठेही अस्तित्वात नव्हता.

१९९८ मध्ये एड हेल यांनी स्पिरिट विकत घेतला. हेल हे बाल्टिमोरचे बँकर, आणि जुन्या ब्लास्टचे शेवटच्या तीन वर्षांतले मालक. त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे जुने नाव परत आणले. ब्लास्ट पुन्हा ब्लास्ट झाला. त्यानंतर यश असे आले की जणू कोठेतरी अडून राहिले होते : २००३, २००४, २००६, २००८, २००९, २०१३ आणि मग २०१६, २०१७, २०१८ अशी लागोपाठ तीन, मिळून नऊ अजिंक्यपदे. भोवतीचे सारे मात्र हलतच राहिले. २००१ मध्ये स्पर्धेने बंद पडलेल्या जुन्या स्पर्धेचे नाव धारण केले. २००८ मध्ये तीही मोडली. एक हंगाम वेगळ्या नावाने काढून २००९ मध्ये तेच जुने नाव तिसऱ्यांदा वापरात आले. २०१४ पासून संघ आणखी एका स्पर्धेत गेला. सभागृहाचे नाव १९८६ मध्ये 'बाल्टिमोर अरीना' झाले, २००३ मध्ये हेल यांच्याच बँकेवरून 'फर्स्ट मरिनर', २०१४ मध्ये किराणा-दुकानांच्या एका साखळीवरून 'रॉयल फार्म्स', आणि २०२२ मध्ये पुन्हा दुसऱ्याच बँकेवरून 'सीएफजी'. या शेवटच्या बारशाच्या वेळी ब्लास्ट तेथे नव्हताच. २०१७ मध्ये तो शहराच्या उत्तरेला, टाउसन विद्यापीठाच्या लहानशा सभागृहात राहायला गेला होता.

तेथे एका हिवाळ्यात भाच्याने मला नेले. "मावशी, फार अपेक्षा ठेवू नकोस, छोटासा मामला आहे," असे त्याने आधीच बजावले होते. सभागृह खरोखरच आमच्या जिल्ह्याच्या क्रीडासंकुलाएवढे वाटले. पण भिंतीवर चेंडू आदळल्याचा आवाज छातीत घुमतो, तो कोणत्याही वाचनातून कळला नसता. आमच्या शेजारी एक वयस्क गृहस्थ बसले होते. पन्नाशीचा मुलगा आणि शाळकरी नातू सोबत. मध्यंतरात भाच्याने त्यांना विचारले, तेव्हा कळले की ते १९८० पासून येत आहेत. त्यांनी आम्हांला सांगितले की आमच्या संघाकडे दहा अजिंक्यपदे आहेत. मी वाचून गेले होते, म्हणून मनात हिशेब केला : नऊ आणि एक. तो एक १९८४ चा. म्हणजे मेलेल्या संघाचे यश त्यांनी जिवंत संघाच्या खात्यात धरले होते. संघही अधिकृतपणे तसेच मोजतो. मग मी विचारले, मधली स्पिरिटची सहा वर्षे? ते हसले. त्या वर्षी बाकी सारे सोडून गेले, आम्ही काही जण राहिलो, अशा अर्थाचे काहीतरी ते म्हणाले, आणि नातवाकडे वळले, कारण खेळ पुन्हा सुरू होत होता.

तेव्हापासून माझे मन त्या सहा वर्षांपाशी घोटाळते आहे. संघाच्या गौरवगाथेत त्या वर्षांना जागा नाही. त्यांत अजिंक्यपद नाही, नाव नाही, मोठा खेळाडू नाही. १९८४ वरून थेट १९९८ वर उडी मारली तरी गोष्ट नीट सांगता येते, उलट अधिक रंगते : मृत्यू आणि पुनर्जन्म. परंतु ही उडी मारताच ज्या आधारावर दहा हा आकडा उभा आहे तो आधारच निसटतो. हेल यांनी १९९८ मध्ये नाव आणले; पण ते लावायला एक जिवंत संघ शहरात होता म्हणूनच. तो संघ सहा वर्षे, अपुऱ्या पैशांत, तिरकस गुणपद्धतीत, दुसरी नोकरी सांभाळून खेळणाऱ्या माणसांनी चालवला होता. पुनरुज्जीवन हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. पूर्ण विझलेले कोणी पेटवत नाही. राखेखाली कोणीतरी निखारा राखलेला असतो, आणि श्रेय मात्र फुंकर घालणाऱ्याला मिळते.

आपल्या नाट्येतिहासात याचे उदाहरण आहे. केशवराव भोसले यांनी १९०८ मध्ये स्थापन केलेली 'ललितकलादर्श' १९२१ मध्ये त्यांच्या अकाली निधनानंतर बापूराव पेंढारकरांनी चालवली. १९३७ मध्ये बापूरावही गेले आणि संस्था थांबली. पुढे भालचंद्र पेंढारकरांनी ती पुन्हा उभी केली. आपण १९०८ पासूनची अखंड परंपरा म्हणतो, आणि ते योग्यच आहे. मात्र 'अखंड' म्हणताना जो खंड पडला त्या काळात नाटकाची पदे कोणाच्या गळ्यात होती, नकला कोणाच्या ट्रंकेत होत्या, हे विचारण्याचा प्रघात आपल्याकडे नाही. वर्गात मीही कालखंडांचा तक्ता फळ्यावर काढते, आणि दोन चौकटींमधली रिकामी जागा रिकामीच सोडून पुढच्या चौकटीकडे जाते. तक्त्याचा तो स्वभावच आहे.

हे सारे मला इतके जवळचे का वाटते, तेही सांगून टाकते. मी ज्या महाविद्यालयात शिकवते तेथील मराठीचा पदव्युत्तर वर्ग काही वर्षांपूर्वी विद्यार्थिसंख्येच्या कारणाने बंद झाला. विभागाची स्वतंत्र पाटी उतरली, आम्ही 'भाषा विभाग' नावाच्या एका मोठ्या खोलीत सामावले गेलो. विभागाच्या ग्रंथालयाची कपाटे मुख्य ग्रंथालयाच्या तळघरात गेली. आता मी वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाला व्यावहारिक मराठी शिकवते : अर्जलेखन, इतिवृत्त, जाहिरातीचा मसुदा. गोल मोजण्याची रीत बदलली आहे, एवढेच. आमच्या विभागाचा इतिहास कोणी लिहिलाच तर तो जुन्या प्राध्यापकांच्या नावांपाशी थांबेल, आणि पुढेमागे वर्ग पुन्हा सुरू झाला तर तेथून दुसरे प्रकरण सुरू होईल. मधल्या वर्षांसाठी ओळ नसेल.

टाउसनहून परतल्यावर मी याबाबतीत थोडी निश्चिंत झाले आहे. आशावादी म्हणणार नाही. वर्ग परत सुरू होईलच असे मानायला काहीही आधार नाही. ह्यूस्टनला संघ परत गेला नाही आणि कोल्ट्सही बाल्टिमोरला परतले नाहीत. ज्या स्पर्धेत सहा संघ १९७८ मध्ये उतरले, तिच्यातले बहुतेक संघ आज फक्त जुन्या पत्रकांत आहेत, आणि त्या प्रत्येकाच्याही मागे कोणीतरी राहून पाहिले असेलच. निखारा राखला म्हणजे फुंकर घालणारा येतोच असे नाही. स्पिरिटच्या खेळाडूंनाही १९९३ किंवा १९९५ च्या हिवाळ्यात हे माहीत नव्हते की १९९८ येणार आहे. आपण दुवा आहोत हे दुव्याला कधीच ठाऊक नसते. त्याच्या दृष्टीने तो शेवटचा टोकच असतो. तरी त्यांनी चेंडू भिंतीवर मारला आणि परत आलेला पायात घेतला. अर्जलेखनाच्या तासाला मी मधूनच एखादी कविता वाचून दाखवते. साठ मुलांतल्या दोघी-तिघी वर पाहतात. मागच्या वर्षी त्यांतली एक तळघरातल्या कपाटाची किल्ली मागायला आली.

'तीच' गोष्ट कशाला म्हणावे याचे उत्तर मालकीच्या कागदांत नाही, नावात नाही, इमारतीत नाही, नियमांत तर नाहीच. बाल्टिमोरमध्ये यांतले प्रत्येक एकदा तरी बदलले. उत्तर मोजणाऱ्या माणसात आहे असे मी आधी म्हटले असते. आता तेवढेही पुरेसे वाटत नाही. केवळ आठवणीने मोजणारा माणूस ह्यूस्टनमध्येही असेल. दहा म्हणण्याचा अधिकार त्या वृद्ध गृहस्थांना मिळाला तो १९८४ मध्ये ते हजर होते म्हणून नव्हे. त्या उन्हाळ्यात सारे शहरच हजर होते. तो मिळाला १९९२ नंतर, मोजण्यासारखे काही नसताना, त्यांनी तिकीट काढले म्हणून.